तीनदा विचारणारे लिमये सर

मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ते पालीचे लिमये सर चहाच्या थर्मासलाही चिठ्ठी लावतात: ‘मूळ कृती: सौ. सुमनची. आलं जास्त: माझं. बिघडला तर मला बोला.’

आमच्या नाटे गावच्या घरात सातवीपुढे कुणी गेलेलं नव्हतं. सरांनी मला घरी ठेवून संगणक शिकवला. मी पदवीधर झालो तो त्यांच्यामुळे.

पत्रं लिहायचं एक सॉफ्टवेअर आहे. फुकट, आणि कुणीही बदल करून पुढे वाटावं, अशी करणाऱ्यांचीच मुभा. सरांनी ते सगळं मराठीत आणलं. त्यात काही पुसायला गेलं की ते विचारी, ‘पुसू?’ मग ‘नक्की?’ आणि मग, ‘अरे, घरात कुणाला विचारलंस का?’

“हातखंब्याला कर्नाटकी आंबा रत्नागिरी हापूसच्या पेटीत बसतो ना, तसलं आपल्याला नको,” सर म्हणत. “बदलायची मुभा आहे, त्यांचं नाव लावायची नाही.” म्हणून त्यांनी नाव ठेवलं ‘पाली कलम’. उघडताच पाटी येई: ‘खोड त्यांचं, फांदी माझी. तक्रार माझ्याकडे. मारुतीच्या देवळामागे. कुत्रा चावत नाही.’

पण कुणीतरी पाटी काढून, मूळ नाव चिकटवून ते पुढे वाटलं. कुणा गृहस्थाने थेट ते सॉफ्टवेअर करणाऱ्या मूळ मंडळींकडे तक्रार केली, की तुमचं सॉफ्टवेअर घरच्यांची चौकशी करतं. त्या मंडळींचं सभ्य पत्र सरांना आलं. सर दोन दिवस जेवले नाहीत.

“माझ्या आंब्याने त्यांची पेटी बदनाम झाली रे!”

सगळ्यांच्या संगणकांवरून कलम उपटायला ते स्कूटरवर निघाले. मी रजेवर होतो, मागे बसलो. नाटे गावच्या मच्छीमार सोसायटीत त्यांनी काढायचं बटण दाबलं. कलमाने विचारलं, “पुसू?” “हो.” “नक्की?” “हो रे बाबा!” “अरे, घरात कुणाला विचारलंस का?”

सरांचा हात थांबला.

“नका काढू हो सर,” तिथल्या कारकून भारतीताई म्हणाल्या. “ह्याने विचारलं म्हणून माझी पत्रं पुसली जाता जाता वाचली.”

“तेवढा तिसरा प्रश्न काढा ना, सर,” मी म्हटलं. “बाकीचं मूळ मंडळींना पाठवू. ते घेतील.”

सर पडद्याकडेच बघत होते. “सुमनने तिच्या सगळ्या पाककृती टाइप केल्या होत्या. ती गेल्यावर जागा करायला म्हणून मी काहीबाही पुसलं. यंत्राने एकदाच विचारलं. मी हो म्हटलं.” मग हळूच म्हणाले, “चहाची तेवढी पाठ होती.”

त्यांनी ‘नाही’ दाबलं. “पाठव तू. तिसऱ्यासकट पाठव.”

परवा मी त्यांना पत्र टाकलं:

‘आदरणीय सर, सा. न.

तुमची मराठी मूळ मंडळींनी घेतली. करणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव आलं आहे. आता पाटीची गरज नाही, फांदी खोडातच गेली. तिसरा प्रश्न मात्र त्यांनी घेतला नाही. तो मी माझ्या संगणकावर ठेवला आहे, वर चिठ्ठी लावून: मूळ प्रश्न सरांचा.

हे पत्र नीट जमलं नाही म्हणून पुसायला निघालो होतो. दोनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा अडलो, म्हणून पाठवतो आहे.

तुमचा,
संदीप’