लोखंड वाढवा की!

लाल सिग्नलला मोटरसायकल साइड स्टँडवर कलती करून, वर ताठ बसून, डांबराकडे टक लावून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय, आमच्या कामोठ्याला. सकाळी आमच्या सेक्टरमधून मोठ्या रस्त्याला लागायच्या चौकात निकमकाका असे बसलेले असायचे. दोन्ही चाकं डांबरातल्या एका काळ्या रेघेवर. चाक बोटभर सरकलं तरी उतरणार, गाडी मागे घेणार, पुन्हा नीट लावणार. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. काका मान वळवून एवढंच म्हणायचे, "गडबड कशाची? त्याला दिसू दे की."

त्याला म्हणजे सिग्नलला.

झालं होतं असं, की आमच्या चौकात सेन्सरचा सिग्नल बसवला. मोठ्या रस्त्याला कायम हिरवा, आमच्या रस्त्याला कायम लाल. आमच्या बाजूला गाडी येऊन थांबली की त्या काळ्या रेघेखाली पुरलेल्या तारेला ते कळणार आणि मग आम्हाला हिरवा मिळणार. कल्पना झकास. पण त्या तारेला कार कळायची, दुचाकी कळायचीच नाही. आणि आमचा सेक्टर म्हणजे घरटी दोन स्कूटर!

आता अशा वेळी माणूस काय करतो? इकडे बघतो, तिकडे बघतो आणि सटकतो. सगळे सटकायचे, मला धरून. काका मात्र हलायचे नाहीत. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी क्रेन चालवली. खालच्या माणसाने हात केला की माल उचलायचा, हात केला की सोडायचा. "इशारा आल्याबिगर हात हलवायचा न्हाय," असं ते म्हणायचे आणि खरंच हलवायचे नाहीत. गाव साताऱ्याकडचं. इतकी वर्षं नवी मुंबईत काढली, पण बोलणं तिथलंच राहिलं.

बरं, रस्ता कापून तार पुरत होते तेव्हा काका दिवसभर तिथेच उभे होते. कामगारांना घरून चहा करून नेला आणि बदल्यात सगळी माहिती काढून घेतली. त्यामुळे तार कुठून कुठे जाते हे त्यांना पाठ होतं. पहिला उपाय म्हणून त्यांनी जुन्या स्पीकरमधलं मोठं लोहचुंबक मोटरसायकलच्या पोटाला बांधलं. सिग्नलवर ढिम्म परिणाम नाही. रस्त्यावरचे खिळे, स्क्रू, बाटल्यांची बुचं मात्र सगळी जाऊन चिकटली. वॉचमनची हरवलेली किल्ली आठवड्याने तिथेच सापडली. तेव्हापासून सोसायटीत काहीही हरवलं की बायका आधी निकमकाकांची गाडी वाकून बघायच्या.

मग आली परात. ॲल्युमिनियमची, चांगली लग्नाघरची. भांडीवाल्याने विचारलं, "काका, किती माणसांचा स्वयंपाक?" काका म्हणाले, "खायला नगं, गाडीखाली बांधायचीय." पहिल्याच गतिरोधकावर परातीने असा काही आवाज केला, की रस्त्यावरची कुत्री समोरच्या सेक्टरमध्ये राहायला गेली.

शेवटी त्यांनी माणसं जमवायला सुरुवात केली. एक मोटरसायकल कळत नाही ना? मग चार आणू! दुचाकी येताना दिसली की काका हात वर करून ओरडायचे, "या, या! रेघेवर या! लोखंड वाढवा की!" दूधवाल्याला त्याच्या कॅनसकट मधोमध उभं करायचे. पाववाल्याची सायकल आडवी लावायला सांगायचे. मी स्कूटर घेऊन गेले की तोंड वाकडं. "पोरी, तुझी गाडी निम्मी प्लाष्टिकची. तिला कोण विचारतंय? बरं, ये. तेवढीच भर."

आणि मंडळी, लोक यायचे! सटकायचं सोडून रेघेवर उभे राहायचे. कारण काका नुसतं उभं करायचे नाहीत, चौकशा करायचे. दूधवाल्याच्या पोराची दहावी, पाववाल्याच्या भट्टीचं भाडं, माझ्या आईचा गुडघा. कधी लवकर हिरवा व्हायचा, कधी मागून कार येईपर्यंत गप्पा रंगायच्या. मग काका क्रेनवरच्या ऐटीत हात खाली करायचे, "निघा!"

मला ते दृश्य बघून लहानपणचं कामोठे आठवायचं. तेव्हा इथे रस्ते रुंद होते आणि माणसं नव्हती. स्टेशनवरून यायला रिक्षा नाही, बसचा भरवसा नाही. कारखान्यातून सुटलेले काका स्टेशनबाहेर गाडी उभी करून विचारायचे, "कोण येतंय कामोठ्याला?" अर्धा सेक्टर त्या मागच्या सीटवर बसून घरी आलाय. माझी आई एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हाताने मला धरून बसायची आणि वाटभर काकांना "हळू, हळू" करायची. काका हळूच असायचे. मागून सायकली पुढे जायच्या. काय दिवस होते ते! चिखल, डास, दोन दिवसांआड पाणी, आणि तरी आई आजही त्या दिवसांचं नाव काढून हसते. आता प्रत्येकाकडे गाडी आहे, नसेल तर मोबाइलवर रिक्षा येते. त्या मागच्या सीटवर बसायला कुणी उरलं नाही. काकांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे ती हक्कानेही कुणाची नव्हती.

सिग्नलच्या तक्रारीसाठी मात्र ते महापालिकेच्या ऑफिसात खेटे घालतच होते. "मोटरशायकलवर काय भुतं बसत्यात व्हय? ती दिसत न्हाईत म्हणून?" एक दिवस त्यांनी कमालच केली. तिथल्या तरुण इंजिनिअरसाहेबांना पाहणीसाठी म्हणून मागच्या सीटवर बसवून चौकात आणलं आणि भर उन्हात रेघेवर उभं केलं. सिग्नल लाल. साहेबांनी घाम पुसला. सिग्नल लाल. साहेब म्हणाले, "काका, जाऊ या ना आता, कोणी नाहीये." काका म्हणाले, "इशारा कुठं आलाय साहेब?"

त्याच आठवड्यात माणसं येऊन सेन्सर तिखट करून गेली. असा तिखट, की पाववाल्याची सायकलसुद्धा एकटी उभी राहिली तरी हिरवा! काकांनी चौकात उभं राहून पेढे वाटले. दूधवाल्याने त्यांना चक्क मिठी मारली. काका जिंकले होते आणि आम्हा सगळ्यांना त्यांचा अभिमान वाटत होता. आता रेघेवर यायचं की निघायचं. पहिल्यांदाच मी ऑफिसला वेळेवर पोचू लागले.

पुढच्याच महिन्यातली गोष्ट. सकाळी चौकात आले तर काका दिसले. सिग्नल लाल, काका मोटरसायकलवर. पण रेघेवर नव्हते. रेघेच्या बरेच मागे, कडेच्या झाडाखाली थांबले होते. मला वाटलं गाडी बंद पडली.

"काय झालं काका? पुढे घ्या ना. रेघ तिकडे आहे."

"म्हाईत हाय."

"मग?"

काका टाकीवरची धूळ पुसू लागले. टाकीवर धूळ नव्हती. "पुढं गेलं की लगेच हिरवा हुतोय गं," ते म्हणाले. "मग सगळी निघून जात्यात. परवा दूधवाला नुसता हात करून गेला. त्याच्या पोराचा निकाल लागला का, तेबी कळंना."

काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "तुम्हाला उशीर नाही होत? रोज सकाळी जाता कुठे?" आम्ही सगळे धरून चाललो होतो, की रिटायर झाल्यावर काका कुठेतरी अर्धवेळ कामाला जातात.

"कुठं न्हाय," काका म्हणाले. "पुढं जातो, पुलाखालून वळतो, घरी येतो. घरात कोण हाय बोलायला?"

इतकं साधं म्हणाले, की मला रडूच आलं. इतकी वर्षं शेजारी राहून हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. मी स्कूटर त्यांच्या बाजूला घेतली, स्टँडला लावली आणि इंजिन बंद केलं. म्हटलं, "दूधवाल्याचा पोरगा पास झाला काका. फर्स्ट क्लास."

"आरं वा!" काका उजळले. "मग आता घालणार कुठं? सायन्स का कॉमर्स?"

तेवढ्यात मागून एक कार आली, आम्हाला वळसा घालून रेघेवर गेली. सिग्नल हिरवा झाला.

"काका, हिरवा झाला."

"हुदे," काका म्हणाले. "परत हुतोय की त्यो. तू सांग, सायन्स का कॉमर्स?"