केशवराव अजून उतरले नाहीत

माणसाने मोटार खुशाल घ्यावी, पण ती उभी असताना तिच्याकडे बघत बसू नये. चालत्या मोटारीत भानगड नसते, हे मी स्वानुभवाने सांगतो. (चालवणारा मीच, त्यामुळे थोडी असायची. पण ती वेगळी.)

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान आणि घरात लग्नाची पोरगी. उषाला दोन स्थळं सांगून आली होती, दोन्ही वेळा तिनेच मान फिरवली. तिसरं गोंदियाचं. मुलगा तिने कुणाच्या तरी लग्नात पाहिला होता, आणि या वेळी तिने मान फिरवली नाही, खाली घातली. आमच्या घरात तो सणच झाला. मुलाचे वडील घनश्यामजी यांचे स्वतःचे दोन ट्रक. असल्या माणसाला वरठी स्टेशनवरून टांग्यात कोंबून आणायचं? मी ठरवलं, जुनी का होईना, मोटार घ्यायची. आणि घ्यायच्या आधीच गोंदियाला सांगूनही टाकलं, की रविवारी मुलगी पाहायला याल तेव्हा आमची मोटार स्टेशनवर घ्यायला येईल.

तुमसरचे धानाचे व्यापारी, जर्द्याचे शौकीन केशवराव दिवाळीत वारले होते, त्यांची काळी मोटार विकायची होती. त्यांच्या पत्नी रत्नाबाईंनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण नजर मोटारीच्या मागच्या सीटवर होती. बाई हळव्या आहेत, एवढंच मला वाटलं.

मोटार अंगणात लागली. माझ्या बायकोने, चंद्रकलाने, ओवाळलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग चार पावलं मागे जाऊन तिने मान तिरपी केली.

"अजी, हे मागून अशी काहून बसली?"

मी पाहिलं. पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मधे माझी अख्खी वीत जात होती. मागे डावीकडे जेमतेम चार बोटं.

"जुनी आहे. थकली असेल."

"थकली तं चारी पायानं थकन ना! एका कोपऱ्यात कोनी बसल्यावानी काहून दिसते?"

मी नुसताच जोरात हसलो.

आमची गल्ली भांडी ठोकणाऱ्यांची. दिवसभर ठाण ठाण चालू असते, कानाला ती कळतही नाही. पण दुपारी सगळे एकदम जेवायला उठतात आणि गल्लीचा आवाज असा तुटतो, की आपलाच श्वास आपल्याला दचकवतो. दुसऱ्या दिवशी त्या शांततेत मी ओसरीवर आडवा होतो, तेव्हा मोटारीतून आवाज आला. कर्रर्र... एखादा जाडजूड माणूस बसल्या बसल्या कूस बदलतो ना, अगदी तसा. मी उठून गेलो आणि त्या फटीत हात घातला. चार बोटं आता जात नव्हती, तीनच गेली. मागच्या काचेवर हिरवा पडदा ओढलेला होता, आणि पडद्याआडून जर्द्याचा ताजा वास येत होता. आमच्या घरात कोणी जर्दा खात नाही.

उन्हाचं निमित्त करून मी मोटार फिरवली आणि तोंड गल्लीकडे करून लावली. डावी बाजू झकास वर आली. उजवी खाली गेली.

चंद्रकला दारातून पाहत होती. "तिकडून इकडं सरकला," ती हळूच म्हणाली.

"कोण?"

"बसला हाय तो. तवाबी सैपाकघराकडूनच बसला होता, आताबी सैपाकघराकडूनच. आपल्या चुलीकडं पाहून राह्यला."

चंद्रकलाने त्या दिवसापासून अंगणात कपडे वाळत घालणं बंद केलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला पोतं बांधलं. उषा तेवढी हसत होती. "बाबा, चाकात हवा भरून पाहा ना." हवा भरली. टायर टणक झालं, फट होती तेवढीच राहिली. मग उषाही हसायची थांबली.

"असल्या गाडीत माया पोरीच्या सासरचे मानसं बसवाल?" चंद्रकलाने शेवटचं सांगितलं. "त्याइले काही झालं तं? रविवारच्या आधी तो उतरला पायजे. नाई तं मी उषाले घेऊन आंबागडले माहेरी जाते. मंग बसा तुमी दोघं."

मी तुमसर गाठलं. (एस.टी.ने. मोटारीने जाण्याइतका मी शूर नाही.) रत्नाबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

"वहिनी, मोटारीत काही... म्हणजे एका अंगाला कोणी बसल्यासारखं..."

सूप थांबलं. "सैपाकघराच्या बाजूनं?"

मी मान हलवली.

"भाच्याकडं जेवाले बोलावलं होतं त्याइले," रत्नाबाई सुपाकडे बघत म्हणाल्या. "तिकडं दाबून जेवाचं म्हनून सकाळपासून उपाशी. पोचले, ड्रायव्हरनं मागं पायलं, तं..." त्यांनी दोन खडे वेचून टाकले. "आन ते अशे उतरतच नवते, भाऊ. घरधन्यानं सोता येऊन दार उघडावं, चला जेवाले म्हनावं, तवा कोठं पाय खाली. जनमभराची सवय. तुमी म्हनलं का त्याइले?"

"नाही."

"मंग?" त्या अशा म्हणाल्या, की पाहुण्याला दारात ताटकळत ठेवल्याची मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली शांत झाल्यावर मी आंघोळ करून, टोपी घालून मोटारीपुढे उभा राहिलो. मागचं दार उघडलं. आत पुन्हा तोच जर्द्याचा वास. हात जोडून म्हणालो, "केशवराव, या. जेवाले चला."

काही हललं नाही. पाठीमागे चंद्रकला पाय धुवायला पाण्याचा लोटा घेऊन उभी. "आग्रह करा ना! एकदा म्हनल्यानं कोन उतरते?"

मी एक पाय आत टाकला, सीट धरून वाकलो, गदगदा हलवून म्हणालो, "अहो, चला ना! वरण थंड होऊन राह्यलं!"

कर्रर्र! आणि माझ्या डोळ्यांदेखत मडगार्ड चाकावरून वर उठलं. कोणीतरी उतरलं होतं. मी जागच्या जागी अंगणात बसलो. चंद्रकलाने उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि कोणाला तरी वाट द्यायला बाजूला सरकली.

तेव्हापासून पंगतीत एक पत्रावळ जास्त. भिंतीला लागून केशवरावांची, तिच्यावर आधी वाढायचं, मग माझ्या पत्रावळीवर. रिकाम्या जागेशेजारी बसून घास उतरत नाही हो! दुसरा वडा मागायचीही छाती होत नव्हती. पण मोटार मोकळी झाली होती, पोरीचं लग्न वाचलं होतं, म्हणून मी मुकाट्याने जेवत होतो.

रविवारी वरठीला गेलो. घनश्यामजी उतरले आणि त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी सुशीलाबाई. बाई अंगापिंडाने भरभक्कम. त्या मागच्या सीटवर बसल्या, घनश्यामजी माझ्या शेजारी. रस्ताभर ट्रकच्या गप्पा झाल्या, मोटारीचं कौतुक झालं, मी फुगलो. घरी आलो, मंडळी खाली उतरली. चंद्रकला कुंकवाचं ताट घेऊन पुढे आली, तिची नजर मागच्या चाकावर गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मोटार पुन्हा बसली होती.

"बाई माय! हे तं पुन्हा जाऊन बसले!"

मी आडवा येण्याआधीच ती विहीणबाईंना वळसा घालून धावली, मोटारीचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटला म्हणाली, "असं काहून करता भाऊजी? चला, जेवाले चला!"

घनश्यामजींनी वाकून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "कोन हाय अंदर?"

"को... कोणी नाही."

"मंग वहिनी कोनाले बोलावून राह्यल्या?"

उषा पाण्याचे पेले घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं. संपलं. उद्या गोंदियापर्यंत बोभाटा होणार, की भुताला जेवू घालणाऱ्यांची पोरगी. खरं सांगतो, केशवरावांची मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तेवढ्यात उषाने पेले खाली ठेवले आणि सगळं सरळ सांगून टाकलं. माझी टोपी आणि थंड होणारं वरण, काहीही वगळलं नाही.

घनश्यामजी हसले नाहीत. त्यांनी एक पेला उचलून जमिनीवर ओतला. पाणी सुरसुरत मोरीकडे गेलं.

"भाऊ, तुमचं आंगनच मोरीकडं उतरतं हाय, आन मोरी सैपाकघराखाली. गाडी कशीबी लावा, तेच बाजू दबन. आन मागचे कमानपट्टे, स्पिरिंगा, जंग लागून आखडले. वजन उतरलं तरी अडकून राह्यते." त्यांनी मोटार मागून धरून गदगदा हलवली. कर्रर्र! मोटार वर आली. मग त्यांनी मला ती बाहेर सपाट रस्त्यावर घ्यायला लावली आणि चारी चाकांवर वीत घालून दाखवली. सगळीकडे सारखी.

"म्हंजे ते कधी नवतेच?" चंद्रकला म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, शप्पथ.

आम्ही आत आलो आणि दारातच थिजलो. भिंतीजवळची, केशवरावांची आधीच वाढून ठेवलेली पत्रावळ चाटूनपुसून साफ होती. वडे नाहीत, कढी नाही, भाताचं शीत नाही. घरात चिटपाखरू दिसत नव्हतं. घनश्यामजींचासुद्धा हात टोपीकडे गेला.

तेवढ्यात खांबाआडच्या अंधारातून एक लांबलचक ढेकर आला.

सुशीलाबाई आमच्याबरोबर रस्त्यावर आल्याच नव्हत्या, परस्पर आत गेल्या होत्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "सकाळपासून पोटात काई नवतं. वाहाडलेलं दिसलं, बसली. वाया कायले जाऊ द्याचं?"

घनश्यामजी खाकरले. "आन पोरगी?"

सुशीलाबाईंनी उषाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, टोपीपासून पायापर्यंत, अगदी सावकाश.

"पोरगी पक्की," त्या म्हणाल्या. "असल्या बापाच्या घरी इतके साल काढून जिचं डोकं ठिकानावर हाय, ते कोठंबी नांदन."