मानवी तपासणी झाली

सही ही वाचल्यानंतर करायची गोष्ट आहे, असा एक गैरसमज समाजात पूर्वापार चालत आला आहे. सरकारी कार्यालयात चार वर्षं काढली की तो आपोआप दूर होतो. साहाय्य साधने कार्यालयातल्या हेडक्लार्कचा मात्र एकोणतीस वर्षांत दूर झाला नव्हता. (हे कार्यालय गरजूंना कुबड्या, कानाची यंत्रं आणि चाकांच्या खुर्च्या देतं. ते तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.) हा गृहस्थ आलेला कागद पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचायचा, उलटून मागची बाजूही बघायचा आणि मगच सही करायचा. त्याला सगळे वाचस्पती म्हणत. कौतुकानं नव्हे. त्याच्या टेबलावर फायली तुंबायच्या आणि बैठकीत सगळ्या कार्यालयाला मान खाली घालावी लागायची.

तर अशा कार्यालयात कृत्रिम बुद्धिमत्ता आली. अर्ज वाचणं, निर्णय ठरवणं आणि पत्र लिहिणं, ही तिन्ही कामं यंत्र करू लागलं. माणसांना काम उरलं नाही, म्हणून त्यांना प्रशिक्षण द्यायचं ठरलं. विषय, कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदार वापर. मुदत तीन दिवस. पहिला दिवस प्रमुख पाहुण्यांची वाट बघण्यात गेला आणि दुसरा, पडद्यावर चित्र का उमटत नाही ते शोधण्यात. तिसऱ्या दिवशी चहाच्या आधी प्रशिक्षिका बाई म्हणाल्या, "यंत्र चुकू शकतं. म्हणून प्रत्येक निर्णय माणसानं वाचायचा, तपासायचा, मगच सही. जबाबदारी माणसाची." वाक्य इतकं छान होतं की सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. वाचस्पतीला तर भरूनच आलं. उभ्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या बाजूनं बोललं होतं.

साहेबांनी अंमलबजावणीत जराही हयगय केली नाही. आठवड्याच्या आत 'मानवी तपासणी झाली' असा रबरी शिक्का तयार होऊन आला. माणशी रोज दोनशे चाळीस तपासण्या ठरल्या. पहिल्याच महिन्यात कार्यालयातली जबाबदारी तीनशे बारा टक्क्यांनी वाढली. (आकडा यंत्रानं काढला. त्यावर शिक्का आहे.)

मग परीक्षा झाली. प्रश्न एकच, 'जबाबदारी म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत लिहा.' सगळ्यांनी स्वतःचे शब्द यंत्राकडून लिहून घेतले आणि यंत्रानंच ते तपासले. कुणालाही नव्वदच्या खाली गुण पडले नाहीत. शिपाई त्या दिवशी रजेवर होता, त्याला ब्याण्णव पडले. वाचस्पतीनं मात्र हातानं लिहिलं, "कागदामागे माणूस असतो. तो दिसेपर्यंत वाचावं." त्याला एकतीस. शेरा होता, 'उत्तर माणसाने लिहिल्यासारखे वाटत नाही.'

नापास माणसाला सहीचा अधिकार नाही. वाचस्पतीकडे शिक्क्यांना शाई पुरवण्याचं काम देण्यात आलं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या मामीची फाइल आली. आईमागे त्याला मामीनंच वाढवलं होतं. आता तिचे दोन्ही गुडघे गेले होते. दोन वर्षं ती तळमजल्याच्या खिडकीत बसून होती आणि तिचं एकच म्हणणं होतं, "चाकांची खुर्ची आली की आधी भाजीला मी जाणार. तुझी बायको भाजीवाला मागेल तेवढे देऊन मोकळी होते." अर्जदारानं समक्ष यायचं असा नियम, म्हणून त्या खुर्चीसाठीच शेजाऱ्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी चार पाय धरून, तीन मजले चढवून कार्यालयात हजर केलं होतं.

यंत्राचा निर्णय असा होता, 'अर्जदार तिसऱ्या मजल्यावर समक्ष हजर होत्या. इमारतीस लिफ्ट नाही. यावरून अर्जदार जिना चढतात. सबब खुर्चीची आवश्यकता नाही.' यातलं एक वाक्य खोटं निघालं तर बोला! फक्त अकराव्या पानावर, समासात, पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'उचलून आणले.'

"साहेब, एवढं अकरावं पान बघा हो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही नापास आहात," साहेब मायेनं म्हणाले. "तुमचं पाहिलेलं कसं धरू मी?" आणि त्यांनी शिक्का मारला.

पण साहेब मनाचे वाईट नव्हते. त्यांनीच वाट दाखवली. शेजाऱ्यांची साक्ष घ्या. यंत्र प्रत्येकाच्या मोबाइलवर मजकूर पाठवतं, लोकांनी तो वाचून 'मान्य' किंवा 'अमान्य' करायचं, काम फत्ते. वाचस्पतीच्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी तो चौदा घरांची दारं वाजवत हिंडला. "काका, संदेश येईल, तेवढा नीट वाचा हं." कंबरेला पट्टा बांधून पडलेले काका (खुर्चीचा मागचा डावा पाय यांच्याकडे होता) रागावलेच. "अरे, हे काय सांगायला हवं? मामींसाठी एवढंही करणार नाही का आम्ही?"

मजकूर यंत्रानं आधीच्या निर्णयावरूनच बेतला होता. 'अर्जदार जिना स्वतः चढतात, हे मी वाचले असून मला मान्य आहे.'

चौदाच्या चौदा 'मान्य' आले. सरासरी वेळ नऊ सेकंद. काकांना तीनच लागले, कारण पडल्या पडल्या मोबाइल हातातच होता. एका फाइलवर साहेब धरून पंधरा मानवी तपासण्या, हा उच्चांक ठरला. कार्यालयाला मानपत्र मिळालं.

नकाराचं पत्र वाचस्पतीनंच मामीला वाचून दाखवलं, अगदी मागच्या बाजूसह. मामीनं ते शांतपणे ऐकलं. मग आपल्या गुडघ्यांकडे बघून म्हणाली, "चौदा जण म्हणतायत, तर चालत असेन बाबा." वाचस्पतीला रडू आवरेना.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं, नऊ सेकंदांत म्हातारीचे पाय धडधाकट करून मोकळी झाली! खरं आहे तुमचं. फक्त एक करा. गेल्या आठवड्यात तुमच्याही मोबाइलवर लांबलचक मजकूर आला होता आणि तुम्ही खालच्या 'मान्य'वर बोट ठेवून पुढे गेला होतात. तो उघडा आणि वर काय लिहिलं होतं ते एकदा वाचा. सावकाश वाचा. मामी खिडकीतच आहे.