रंगोपंतांनी लग्नाची तबकडी आवळली ती हकीकत

श्रीविघ्नहर्त्याचे स्मरण करून, कोणाचे तबकडीस ओरखडा न येवो ऐसे मागून, घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे तीस, सर्वधारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी राजे सरकारांच्या लग्नाची डीव्हीडी अडखळू लागली. ओरखडे बहुत जाहले, म्हणोन राणीसाहेब सगुणाबाई चिंतेत पडल्या आणि चिटणीस रंगो मल्हार यांस बोलावून दुसरी प्रत करावी ऐसी आज्ञा केली. रंगोपंत कामाचे वाघ, परंतु काटछाटीचे भारी वेड. चार बंदांचे पत्र दोन ओळींवर आणीत आणि मिशीस पीळ देत. मूळ तबकडी साडेआठ जीबीची, कोरी मिळाली ती साडेचारांची. मग पंतांनी संगणकापुढे ठाण मांडिले आणि पाहुण्यांच्या रांगेचे टायटल, म्हणजे तबकडीतील तेवढे प्रकरण, उडविले, आणि आहेराचे उडविले, आणि मग मेनूवर नजर गेली. मेनू म्हणजे तबकडीची देवडी. तेथे मागे चित्र हलते आणि पुढे 'लग्न', 'वरात' ऐसी बटणे उभी असतात. राणीसाहेब तबकडी लावीत त्या या देवडीवरच घटका घटका बसत, आत म्हणोन जात नसत. दरबारी मंडळी समजली की बाईसाहेबांस बटण दाबिता येत नाही, सांगावे कोणी? पंतही तैसेच समजले आणि उपकारबुद्धीने मेनू समूळ काढून, तबकडी घालताच लग्न लागावे ऐसी तजवीज केली, आणि सवयीप्रमाणे संगणकात उतरविलेली मूळ तबकडीची नक्कल पुसोन मोकळे जाहले.

प्रत दरबारी लागली. राजे स्वतःस घोड्यावर पाहून बहुत खुश जाहले. राणीसाहेबांचे मुख मात्र उतरले.

"रंगोपंत, आत्याबाई कोठे गेल्या?"

पंतांनी अदबीने अर्ज केला की सारे लग्न दोन वेळा पाहिले, आत्याबाई कोठेच नाहीत.

"लग्नात कोठून असतील? त्या मुदपाकखान्यात राबत होत्या. मेनूत होत्या."

राणीसाहेब आईवेगळ्या; आत्याबाईंनीच त्यांस वाढविले आणि गतसाली त्या निवर्तल्या. चित्रण करणाराने मेनूस शोभा म्हणोन स्वयंपाकाचे चाळीस सेकंद उचलिले होते. त्यात आत्याबाई हाती डाव घेऊन वळत, "आधी जेवून घे रे बाळा, मग काढ काय काढायचं ते," ऐसे त्या चित्रण करणारास म्हणत, आणि चित्र फिरून पहिल्यापासून लागे.

 हे ऐकोन पंतांस जन्मात प्रथमच कापल्याचे दुःख जाहले. मग जुनी तबकडी धोतराच्या सोग्याने पुसिली आणि यंत्रात घातली, आणि ती अडली. ऐसे सहा वेळा जाहले, आणि सातव्याने वाचिली गेली. मग मेनू अक्षत ठेविला, जागा पाहिजे म्हणोन वरात उडविली, आणि लग्न इतके आवळिले की राजांचे मुख चौकटीचौकटींचे दिसू लागले.

राजे रुष्ट होऊन आमची वरात कोठे म्हणोन पुसते जाहले.

"आपण रोज दिसता," राणीसाहेब बोलिल्या आणि डोळे पुसिले.

 राजे शेजारी बसले, आणि मेनू तीन वेळा पाहिला, आणि चौथ्याने आत्याबाई बोलताच उभयता उठोन जेवावयास गेले.

सारांश, पंतांनी कात्री टाकिली नाही, परंतु तेव्हापासून कापण्यापूर्वी विचारू लागले. येणेप्रमाणे हकीकत जाहली.