आण्णांचा आवाज आणि गोलकीपरचा खुबा

दत्तूआण्णा शिवाजी पेठेत "व्हय" म्हणाले की रंकाळ्यावरचे बगळे उठतात. "न्हाय" म्हणाले तर तिकडं मलकापुरात म्हशी पान्हा चोरतात. बगळ्यांचं मी स्वतः पाहिलं आहे. म्हशींचं ऐकीव आहे, पण सांगणारा दूधवाला होता, आणि दूधवाला म्हशीबद्दल खोटं बोलत नाही. दुधाबद्दल बोलतो.

मी त्यांच्या समोरच राहतो, त्यामुळे घरात गजराचं घड्याळ कधी लागलं नाही. भाजीवाली त्यांना न मागता कोथिंबीर देते, लवकर पुढं जावेत म्हणून. जन्मभर पिठाची गिरण चालवली, पट्ट्याच्या खडखडाटावर बोलून बोलून आवाज असा झाला, हे पेठेला पाठ. त्यात प्रत्येक वाक्याला एक ठरलेलं शेपूट: "ऐकू आलं न्हवं?" कानाचा पडदा अजून थरथरत असताना माणसानं यावर काय बोलावं? कुणी उत्तर देत नसे.

आण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गेल्यापासून घरात आण्णा आणि एक म्हातारं कुत्रं. ते दारात आडवं पसरतं, कुणाला आत सोडत नाही, म्हणून फुटबॉलवाल्या पोरांनी त्याचं नाव गोलकीपर ठेवलं. आण्णांनी "ये रं" म्हटलं की ते असेल तिथून गोळीसारखं सुटतं. असंच एकदा सुटलं, ओल्या फरशीवर घसरलं आणि मागच्या पायाचा खुबा निखळला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, "जिना नाही, उडी नाही. बाहेर नेताना पोटाखालून टॉवेल घालून मागचं अंग उचलून धरायचं."

"धरतो की. ऐकू आलं न्हवं?"

तेवढ्यानं अर्ध्या गुंगीतलं कुत्रं टेबलावर उठायला धडपडू लागलं. बाईंनी त्याला दाबून धरलं. "आण्णा, पहिलं पथ्य तुम्हाला. मी सांगेपर्यंत आवाज बंद. तुम्ही बोलला की हा उठणार, आणि उठला की खुबा गेला."

आणि आण्णा गप्प झाले.

पेठेत घबराट उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक माझ्याकडं हळूच विचारायला येऊ लागले, "कधी गेले?" एकजण तर हार घेऊनच आला. तो शेवटी गोलकीपरच्या गळ्यात घातला. आण्णा सगळं खुणेनं चालवायचे. हॉटेलात चहा सांगायला अंगठा ओठाला लावला, तर मालक म्हणाला, "आण्णा, सकाळ सकाळी? आणि असलं हितं मिळत न्हाय." मोबाइलवर मॅच बघताना पेठेच्या संघानं गोल मारला, तेव्हा त्यांनी तोंडात टॉवेल कोंबला. कुठला टॉवेल, ते मी विचारलं नाही.

पोटाखालच्या टॉवेलनं कुत्र्याचं मागचं अंग तोलत ते वाकून गल्लीतून निघायचे, तेव्हा पेठेत नांगरट सुरू झाल्यासारखं वाटायचं.

टाके निघाले, जखम भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हाक मारा, चालवा. पाय टेकला नाही तर वाळेल, मग जन्मभर टॉवेल."

आणि गोलकीपर उठेना. मटणाचं हाडूक दाखवलं, त्यानं फक्त मान लांब केली. आण्णा पुटपुटले, "ये रं." कुत्र्यानं त्यांच्या पाठीमागं पाहिलं, खरे आण्णा तिकडं कुठंतरी उभे असल्यासारखं.

"आण्णा, मोठ्यानं मारा की हाक," मी म्हटलं. "का गिरणीवाल्याचा आवाज गंजला?"

"भ्या वाटतंय लेका. हाकंपायीच पडलंय त्ये." मग फरशीकडं बघत म्हणाले, "आन् गिरणीचा न्हवं त्यो आवाज."

"मग?"

"तुझ्या काकूला ऐकू यायचं न्हाय. लगीन झाल्यावर दोन-तीन वर्सांतच कान गेलं. तिला कुणाला कळू द्यायचं न्हवतं. आता तिच्या एकटीशीच वरडलो असतो, तर पेठंत दवंडी झाली असती की. मग म्हटलं, सगळ्यांशीच वरडायचं."

 

"ती गेल्यावं कमी करणार हुतो आवाज," आण्णा म्हणाले. "पर हाक मारल्यावं उठून येणारं घरात एवढंच उरलंय."

मी आत गेलो. गिरणीतली जुनी पोती काढली आणि दारापासून आण्णांच्या पायापर्यंत फरशीवर अंथरली. "आता घसरत न्हाय. मारा."

आण्णांनी छाती भरून घेतली.

"ये रं!"

समोरच्या खिडक्या पटापट उघडल्या. गोलकीपरचे कान उभे राहिले. तो थरथरत उठला, तीन पायांवर. चौथा हवेतच. एक पाऊल तसंच लंगडत टाकलं, थांबला, मग तो पाय हळूच पोत्यावर टेकला. उचलला. पुन्हा टेकला. असा डुगडुगत येऊन त्यानं आण्णांच्या गुडघ्यात तोंड खुपसलं.

आण्णा त्याच्यावर वाकले. म्हणाले ते इतकं हळू की मी शेजारी होतो म्हणून कळलं.

"ऐकू आलं न्हवं?"

कुत्र्याची शेपटी पोत्यावर आपटत होती. पण इतक्या वर्षांत माणसांपैकी कुणी उत्तर दिलं नव्हतं, म्हणून मीच म्हटलं, "आलं, आण्णा."