तिसऱ्या टेबलावरचे गुरुत्वाकर्षण

मुलगी झाल्यावर अर्धवट सोडलेली पदवी पूर्ण व्हायला माझा एकच विषय राहिला होता : यांत्रिकीचा प्राथमिक अभ्यासक्रम. मी ज्या शाळेत तात्पुरती विज्ञानशिक्षिका आहे, तिथल्या मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितले होते की या सत्रात विषय सुटला तर मी कायम, नाही सुटला तर माझ्या जागी दुसरी कोणी तरी कायम. तेव्हा अडीच वर्षांच्या चिमणीला सकाळी पाळणाघरात सोडून मी माझ्याहून बऱ्याच लहान मुलामुलींच्या शेजारी बाकावर जाऊन बसू लागले.

तासांबद्दल तक्रारीला जागा नव्हती. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून शिकवत आणि फळ्याला सगळे समजत असे. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी ‘घर्षण नाही असे समजा’ ही सूचना असे. सासूबाई आणि मी एकाच स्वयंपाकघरात वावरतो, त्यामुळे ही कल्पना करणे मला थोडे जड गेले. पण परीक्षेपुरते मी तसे समजू लागले.

अडचण आली ती प्रात्यक्षिकाला. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, झोका द्यायचा, झोके मोजायचे, लागलेला वेळ घड्याळात बघायचा आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचे मूल्य काढायचे. ते नऊ पूर्णांक आठ यावे लागते. माझ्या वाट्याला तिसरे टेबल आले आणि मला आठ पूर्णांक सात आले. पुन्हा केले. पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला माझी दया आली.

“काकू, तुम्ही उलटं करताय. आधी उत्तर लिहायचं, मग त्यावरून निरीक्षणं काढायची. पटकन होतं.”

काकू म्हटल्याचे दुःख गिळून मी विचारले, “मग गोळा कशाला टांगायचा?”

“सर फेरी मारतात ना. टांगलेला दिसावा लागतो.”

तिचा सल्ला सरळ मनाने घेतला असता तर पुढचे काही घडले नसते. पण मूल झोपले की त्याचा श्वास चालू आहे ना, हे वाकून वाकून बघणारी मी बाई. मला राहवले नाही. टेबलावरचे घड्याळ मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिले. ते चांगले पुढे पळत होते. मी सरांना सांगितले.

सर समजूतदारपणे हसले. “बाई, हे घड्याळ बिघडलेलं असतं, तर इतकी वर्षं सगळ्यांना याच घड्याळावर नऊ पूर्णांक आठ कसं आलं असतं?”

या युक्तिवादात मला अजूनही भोक सापडलेले नाही.

घरी मी तोंड पाडून बसले, तेव्हा सासूबाईंनी चौकशी केली. “आठ पूर्णांक सात ना? मग रडतेस कशाला? दहातले एवढे मिळाले म्हणजे चांगलेच की!”

सर मात्र अस्वस्थ झाले असावेत, कारण प्रकरण विभागप्रमुखांकडे गेले. तीन ज्येष्ठ प्राध्यापकांची समिती नेमण्यात आली. समितीने माझ्यादेखत प्रयोग केला. मी शेजारी उभी राहून झोके मोजत असल्यामुळे त्यांना आधी उत्तर लिहिण्याची सोय राहिली नाही, आणि तिघांनाही आठ पूर्णांक सात आले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मग चहा मागवण्यात आला. चहानंतर निष्कर्ष निघाला : दोरा निर्दोष आहे, गोळा निर्दोष आहे, घड्याळ तर अनेक तुकड्यांच्या निकालांनी सिद्ध झालेले आहे, आणि समितीचे सदस्य डॉक्टरेट आहेत, त्याअर्थी दोष गुरुत्वाकर्षणाचा आहे.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर सूचना लागली : ‘तिसरे टेबल व लगतचा परिसर हे कमी गुरुत्वाचे क्षेत्र आहे. विद्यार्थ्यांनी विनाकारण रेंगाळू नये.’

साहजिकच सगळे रेंगाळू लागले. लोखंडी कपाटे उचलायला सोपी पडतील म्हणून शिपायांनी ती आधी तिसऱ्या टेबलापाशी ओढत आणली आणि मग तिथून उचलली. ओढताना दोघांच्या कमरा धरल्या, पण उचलताना फरक जाणवतो, असे दोघेही म्हणाले. क्रीडाशिक्षकांनी उंच उडीची निवडचाचणी तिथेच घेतली आणि विक्रम झाला. मोजपट्टी त्यांची स्वतःची होती. विभागप्रमुखांनी गुडघेदुखीने बेजार असलेल्या आपल्या सासूबाईंना आणून टेबलाजवळ बसवले.

“आई, काही वाटतंय का?”

“हलकं वाटतंय हो जावईबापू! घरी जिना चढवत नाही, आणि इथे बघा!” त्या उभ्या राहून म्हणाल्या. त्यांना वर लिफ्टने आणले होते.

यात गोळा टांगायला मला जागा मिळेना, आणि परीक्षा जवळ आली. तेवढ्यात प्राचार्यांनी बोलावून घेतले.

“बसा. मूल्यांकन समिती यायची आहे. एका कॉलेजात दोन गुरुत्वाकर्षणं चालणार नाहीत.”

“सर, घड्याळ बदललं तर…”

“घड्याळ बदलायचं म्हणजे ते बिघडलं होतं, असं होतं. मग त्यावर पास झालेल्यांचं काय? आमचे निम्मे प्राध्यापक त्यातले आहेत.” त्यांनी आवाज खाली आणला. “मीही आहे.”

मी पिशवी उचलून उठू लागले.

“परीक्षेत तुम्हाला तिसरं टेबलच मिळेल. नऊ पूर्णांक आठ आलं, तर गुरुत्वाकर्षण पूर्ववत झालं असं आम्ही जाहीर करू. नाही आलं, तर तुम्हाला प्रयोग जमत नाही, असं. तुम्ही शाळेत शिकवता ना? कायम व्हायचंय, असं कानावर आलंय.”

“हो सर.”

“मग काळजीपूर्वक मोजा.”

परीक्षेच्या सकाळी चिमणी उठली ती गरम. नवरा कामावर गेलेला, सासूबाई नणंदेकडे. मी तिच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या कपाळाला, मग पुन्हा तिच्या. थोडी कोमट आहे, असे ठरवले. पांघरूण जाड होते. तिने “आई, पाय दुखतो” म्हटले, तर मी म्हटले, “काल फार पळालीस ना, म्हणून.” ती काल पळाली नव्हती.

पाळणाघराचा नियम कडक आहे : ताप असलेले मूल आत घेतले जात नाही. याच नियमासाठी मी ते निवडले होते. दारातच मावशी प्रत्येक मुलाच्या काखेत थर्मामीटर लावतात. त्यांनी चिमणीला लावला, काढला, उजेडाकडे धरून बघितला. मलाही दिसला. एकशे एक.

मावशींनी माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या मोजपट्टीकडे पाहिले.

“आज परीक्षा का हो ताई?”

“हो. शेवटचीच.”

“मग किती लिहू?”

चिमणी माझ्या ओढणीचा शेव धरून उभी होती. मी म्हटले, “अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.”

“एवढं तंतोतंत नको,” मावशी म्हणाल्या. “बनवल्यासारखं दिसतं. पूर्णांक नऊ लिहिते. खरं वाटतं.”

हे त्या कुठे शिकल्या ते मी विचारले नाही, पण ते ध्यानात ठेवले. परीक्षेत मी नऊ पूर्णांक एकोणऐंशी आणले. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून म्हणाले, “निरीक्षण म्हणतात ते हे!” सायंकाळच्या आत सूचना उतरली आणि गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे झाले. मी पास झाले. आता मी कायम आहे.

त्या दिवशी परीक्षा संपताच मी धावत पाळणाघरात पोहोचले. चिमणी झोपली होती, सकाळपेक्षा जास्त तापलेली. तिला उचलताना माझा हात शेजारच्या गादीवरच्या मुलाला लागला. तोही तापलेला होता. मी पलीकडच्या मुलीच्या कपाळावर हात ठेवला. मग तिच्या पलीकडच्या. चिमणीला ताप कुठून आला, असे मी सकाळपासून स्वतःला विचारत होते, ते कोडे तेवढे सुटले. दारातली मावशींची वही मी उघडून पाहिली. रांगेतल्या सगळ्या मुलांचा ताप तिच्यात अठ्ठ्याण्णव पूर्णांक नऊ होता.

त्या रांगेत तुमचेही मूल होते. माझ्यावर चिडण्याचा हक्क तुम्हाला जरूर आहे. फक्त सकाळी मावशींनी विचारले, तेव्हा तुम्ही किती सांगितलेत?