चुसोकची सोजू आणि सांध्याची कणीक

दारू गाळणं म्हणजे काय मोठं! मी कोरियातल्या आंदोंगच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, तेही बावीस वर्षं! त्यामुळे यंदा आईचं मनगट दुखावलं तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "चुसोकच्या सणाला पूर्वजांपुढे ठेवायची सोजू, आपली तांदळाची दारू, मी गाळतो. तीन बाटल्या! थेंबही कमी नाही!"

"सांध्यांना कणीक नीट लाव म्हणजे झालं," आई म्हणाली.

"आई, तू मला शिकवतेस?"

आंबवलेला भात पातेल्यात ओतला. वर मातीचं डमरूसारखं भांडं, त्याच्या डोक्यावर गार पाणी, दोन्ही भांड्यांच्या सांध्याभोवती कणकेची जाड पट्टी. चुलीपुढे थोरले काका बसले. तीन वर्षांपूर्वी साऱ्या भाऊबंदांसमोर शपथ घेऊन काकांनी दारू सोडली होती आणि शपथ पाळलीही होती.

वरच्या भांड्याच्या तोटीतून थेंब पडू लागले. घरात वड्यांचे ढीग, पण पूर्वजांच्या आधी तोंड लावायचं नाही! पोटात कावळे ओरडत होते. सांध्याची कणीक मात्र मस्त खरपूस भाजली होती. एवढासा तुकडा तोडला. मग आणखी एक. घरभर दारूचा असा वास सुटला की मांजरसुद्धा तिरकं चालू लागलं!

संध्याकाळी पाहतो तर एकच बाटली, तीही गळ्यापर्यंत नाही!

शाळेत मी दरवर्षी घोकून घेतो: थोडा माल तळाशी उरतो, थोडा भांड्याला चिकटतो, फट असेल तर वाफ उडून जाते. त्या दिवशी मला चौथंच कारण दिसलं. काकांचं तोंड लालबुंद होतं!

"काका, प्यायचीच होती तर मागून घ्यायची!"

काकांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"सकाळपासून जाळापुढे बसलोय रे, ग्यूचल," ते म्हणाले.

आईने सांध्यावरून बोट फिरवलं. "इथली चार बोटं कणीक कुठे गेली? आणि मास्तर, तुमच्या सदऱ्यावर हे कसले कण?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं! काकांची माफी मागायला तोंड उघडलं, तर दातात कणीक!

चुसोकच्या सकाळी पूर्वजांपुढचा प्रत्येक पेला अर्धाच भरला. काका वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबा, यंदा एवढ्यावर भागवा. कुणी प्यायलं नाही. मास्तरांनी खाल्ली."

नमस्काराला मी वाकलो, तो बराच वेळ उठलोच नाही.